तळ्याकाठचा शेजार

गेल्या महिन्यात आमचा एक जुना विद्यार्थी सहकुटुंब भेटीला आला होता. आता तो चांगल्या नोकरीत आहे. गोत्रीकडच्या नव्या वसाहतीत त्याने स्वतःचे घर घेतले आहे. चहा घेता घेता तो आमच्या माडीच्या खिडकीपाशी उभा राहिला. खाली रिक्षा, हातगाड्या आणि दुचाक्या यांची एकच दाटी झाली होती. कर्ण्यांचा गजर चालला होता. किंचित संकोचाने तो म्हणाला, "सर, रागावू नका, पण सुरसागराच्या या काठावर आता राहिलंय काय? तुम्हीही तिकडंच या. हवा मोकळी आहे, गाडी ठेवायला जागा आहे, आईंना लिफ्टही मिळेल."

त्याच्या बोलण्यात आपुलकी होती आणि त्याचे म्हणणे खोटेही नव्हते. आमच्या मातोश्रींना ऐंशीव्या वर्षी लाकडी जिना चढवत नाही. पावसाळ्यात मागची भिंत ओल धरते. गाडी लावायला जागा नाही म्हणून पाहुणे यायचे टाळतात. चिरंजीवांनी तर दोन ठिकाणचे नकाशे आणून टेबलावर ठेवले आहेत. म्हणून त्या दिवशी "बघू या" एवढेच उत्तर मी दिले. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या प्रश्नाला दिलेले ते फारच कच्चे उत्तर होते. आजचे सदर म्हणजे त्या प्रश्नाचा सावकाश सोडवलेला पेपर आहे, असे वाचकांनी समजावे.

बडोद्याचा इतिहास आमच्या वाचकांना नवा नाही. वटपद्रक या नावाने या गावाचा उल्लेख इ. स. ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात येतो. वडाच्या झाडांवरून पडलेले ते नाव आजच्या 'वडोदरा' या नावात शिल्लक आहे. पुढे गुजरातच्या सुलतानांच्या काळात तटबंदीचे शहर उभे राहिले. मध्यभागी मांडवी आणि चार दिशांना लहरीपुरा, चांपानेर, पाणीगेट व गेंडीगेट हे चार दरवाजे, अशी त्याची आखीव रचना होती. १७३४ पासून गायकवाडांचा अंमल येथे पक्का झाला आणि त्यांच्यामागोमाग देशावरची व कोकणातली मराठी कुटुंबे येत राहिली. शिलेदार आले, कारकून आले, भिक्षुक, वैद्य, पागेदार आणि पंतोजी आले. तटाच्या आत दाटी झाली तशी वस्ती लहरीपुरा दरवाजाबाहेर, पश्चिमेकडे सरकू लागली. त्या दरवाजाबाहेर हे तळे होते.

पूर्वी ते लहानसे होते आणि त्याला चंदन तलाव म्हणत, असे सांगतात. अठराव्या शतकात ते वाढवून दगडी बांधणीचे करण्यात आले. सुरेश्वर देसाई यांच्या नावावरून त्याला सुरसागर हे नाव पडले, अशी समजूत आहे. आम्ही मुले मात्र वेगळेच धरून चाललो होतो. तळ्याच्या काठी गायनशाळा आहे, तिच्या खिडक्यांतून दिवसभर सूर बाहेर पडतात आणि पाण्यात जाऊन मिळतात, म्हणून तो सुरसागर! इतिहास काहीही म्हणो, ही व्युत्पत्ती मनातून अजून गेलेली नाही.

या तळ्याची एक खुबी लक्षात घेण्यासारखी आहे. ते बाराही महिने भरलेले असते. पाणी वाढले तर ते काढून देण्यासाठी जमिनीखालून दरवाजे ठेवलेले आहेत आणि जादा पाणी विश्वामित्री नदीकडे जाते. म्हणजे हे नुसते खोदलेले डबके नव्हे. पाणी साठवायचे किती आणि सोडायचे केव्हा, याचा विचार करून केलेली ती रचना आहे. तळे बांधणाराने आपल्या पश्चात ते पाहणारा कोणीतरी काठावर राहील, हे गृहीत धरलेले असते. त्याशिवाय दरवाजे उघडणार कोण?

सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत या काठाचे भाग्य उजळले. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक होऊन गादीवर आला, १८८१ मध्ये त्याने राज्यकारभार हाती घेतला, आणि पुढल्या वीस-तीस वर्षांत या शहराची मुद्राच पालटली. १८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्या हाती गायनशाळा सोपवण्यात आली. मौलाबक्षांनी उत्तरेच्या गायकीबरोबर दक्षिणेचे संगीतही अभ्यासले होते. गाणे कागदावर उतरावे म्हणून त्यांनी स्वतःची स्वरलेखन पद्धती बसवली. उस्तादाच्या पायाशी बारा वर्षे बसल्याखेरीज जे मिळत नसे, ते पाटी-पुस्तक घेऊन येणाऱ्या सामान्य घरच्या मुलालाही मिळावे, हा त्यामागचा विचार. भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ मध्ये भरली ती याच बडोद्यात. आफताब-ए-मौसिकी फैयाजखाँ येथेच दरबारगायक होते आणि १९५० मध्ये त्यांनी येथेच देह ठेवला. ती गायनशाळा आता विद्यापीठाचा एक विभाग झाली आहे. पण जागा सुरसागराचीच आहे.

गायनशाळेबरोबर नृत्याचीही एक कथा येथे गुंतली आहे. महाराजांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई या तंजावरच्या. त्यांच्या लग्नाबरोबर तंजावरचे नर्तक-वादक बडोद्यास आले, आणि कावेरीकाठचे भरतनाट्य विश्वामित्रीकाठी रुजले. त्या घराण्यांतील पुढच्या पिढीने येथे ही विद्या शिकवली. एका मराठी राज्यातून दुसऱ्या मराठी राज्यात गेलेली ही कला जातीने तमिळ होती, आणि ती वाढली गुजरातेत. आपण 'बाहेरचे मराठी' म्हणवणाऱ्या लोकांनी हे उदाहरण जवळ बाळगावे.

चिमणाबाई १८८५ मध्ये, ऐन तारुण्यात निवर्तल्या. त्यांच्या नावाची भव्य इमारत सुरसागरासमोर १८९६ मध्ये पुरी झाली. चिझम या वास्तुविशारदाने ती बायझंटाइन वळणाने बांधली. मूळ हेतू भाजीमंडईचा होता. प्रत्यक्षात तेथे न्यायालय बसले आणि ती न्यायमंदिर या नावाने प्रसिद्ध पावली. सव्वाशे वर्षे कोर्टकचेरीची वर्दळ तिने पाहिली. २०१८ मध्ये न्यायालये नव्या संकुलात गेली, आणि त्यांच्यामागून वकिलांच्या पेढ्या, टंकलेखक, मुद्रांकविक्रेते, चहावाले असे एक अख्खे गाव उठून गेले. त्या आठवड्यात आमच्या आळीतील संध्याकाळ इतकी शांत झाली की, शांततेचा त्रास होऊ शकतो हे प्रथमच कळले.

येथून चार पावलांवर दांडियाबाजार. श्रीअरविंद १८९३ ते १९०६ या काळात बडोद्याच्या सेवेत होते. त्यांचे निवासस्थान या पेठेत आजही 'अरविंद निवास' म्हणून जतन केलेले आहे. १९०८ च्या आरंभी विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याने त्यांना ध्यानाचा मार्ग दाखवला, तोही बडोद्यातच. पलीकडे रावपुऱ्यात दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा आहे; त्याच्या भिंतींवरील चित्रे पाहायला दूरदूरचे अभ्यासक येतात. १८९० मध्ये निघालेल्या कलाभवनात दादासाहेब फाळक्यांनी धडे गिरवले. चिमणरावांचे जनक चिं. वि. जोशी बडोद्यात पालीचे अध्यापक होते. गुंड्याभाऊ आणि चिमणराव आमच्याच आळीतून पिशवी घेऊन निघाले असावेत, असा बडोदेकरांचा दावा असतो आणि तो खोडून काढण्याची कोणाचीही इच्छा नसते.

ही यादी वाचून कोणी म्हणेल, "हे सारे थोरामोठ्यांचे झाले, तळ्याकाठी राहणाऱ्या साध्या माणसाला त्याचे काय?" रास्त प्रश्न आहे. त्याचे उत्तर वाड्याच्या दिंडीदरवाजातून आत गेल्यावर मिळते.

आमचे आजोबा राज्याच्या हिशेबखात्यात कारकून होते. वाडा दुसऱ्याचा, आमच्याकडे माडीवरच्या तीन खोल्या. एकाच चौकात सात बिऱ्हाडे, त्यांतली चार मराठी, दोन गुजराती आणि एक तंबोरे दुरुस्त करणाऱ्या मुसलमान गृहस्थांचे. चौकातील आडाचे पाणी वैशाखातही हाताशी असे, कारण तळे जवळ. संध्याकाळी उन्हे कलली की पाण्यावरून वारा येई आणि बायका ओटल्यावर येऊन बसत. हा 'ओटला' शब्दही इथलाच; आजीला तो गुजराती आहे हे मरेपर्यंत ठाऊक नव्हते. पुण्याची आत्या आली की आमच्या मराठीतले असे शब्द वेचून हसे. आजी तिला म्हणे, "अगं, तळ्याकाठी राहिलं की दोन्हीकडचं पाणी लागायचंच."

पहाटे गायनशाळेकडे निघालेल्या मुलांच्या सायकली, मग देवळांच्या घंटा, मग दुधाच्या कासंड्या, असे आमचे घड्याळ होते. कोणाचा भैरव अजून कच्चा आहे आणि कोणाचा पिकला, हे आळीतील भाजीवालीही सांगे. देवऊठी एकादशीला मांडवीच्या विठ्ठलनाथजींचा वरघोडा निघे; विठ्ठल आमचा आणि वरघोडा त्यांचा, असा तो सोहळा. दांडियाबाजारचे गणपती सुरसागराच्या पायऱ्यांवर येत तेव्हा निरोपाला सगळे शहर लोटे. नंतर पाण्याची स्थिती पाहून विसर्जन येथून हलवले गेले. प्रथम वाईट वाटले. पण तळे वाचवायचे तर देवानेही दोन पावले दूर जावे, हे आता सर्वांना पटले आहे. उसळ तर आपण सारेच खातो. बडोद्याने तिच्यावर शेव पसरली आणि 'सेवउसळ' हा खास आपला पदार्थ केला. रात्री नऊ वाजता तळ्याच्या कठड्याशी उभे राहून ती खाताना मराठी कोण आणि गुजराती कोण, हे विचारण्याचे भान कोणाला नसते.

हे सर्व लिहिताना मन रमते. पण तळ्याचे एवढेच चित्र काढले तर ते खोटे होईल.

ऑगस्ट १९९३ मध्ये सुरसागरात नाव उलटली. २० जणांच्या नावेत ३८ माणसे बसली होती. त्यांतली २२ दगावली. मी तेव्हा नुकताच शिक्षकी पेशात पडलो होतो. त्या रात्री आळीतील चूल पेटली नाही. ज्या पायऱ्यांवर आम्ही भेळ खाल्ली, त्यांवर कंदील आणि दोर घेऊन माणसे उभी होती आणि पाणी नेहमीसारखेच शांत होते. पाण्याच्या त्या शांतपणाची मला पहिल्यांदा भीती वाटली. त्या दुर्घटनेचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निकाल २०१४ मध्ये लागला. मधल्या एकवीस वर्षांत शहर पुष्कळसे विसरले होते.

आणि १८ जानेवारी २०२४ रोजी शहराच्या दुसऱ्या टोकाला, हरणीच्या तळ्यात, शाळेच्या सहलीची नाव उलटली. १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. पुन्हा क्षमतेपेक्षा जास्त माणसे, पुन्हा बहुतेकांच्या अंगात संरक्षक जाकिटे नाहीत. मी एका शाळेचा मुख्याध्यापक आहे. सहलीच्या परवानगीपत्रावर सही करणारा हात कसा असतो, ते मला ठाऊक आहे. त्या रात्री मी जुन्या सहींच्या नोंदी काढून बसलो होतो. कोठे किती मुले, किती शिक्षक, कोणते वाहन. सर्व सुखरूप परतले होते; पण ते माझ्या दक्षतेमुळे की केवळ नशिबाने, हे त्या नोंदींवरून सांगता येत नव्हते.

आमच्या शाळेत सातवीची मुले दर वर्षी सुरसागराच्या भोवती पायी फेरी मारत. इतिहासाचा तो आमचा चालता तास. त्या वर्षी आम्ही तो बंद ठेवला. पुढच्या वर्षी पालकसभेत विषय निघाला. एक माता उठून म्हणाल्या, "साहेब, पाण्याजवळ नको. पुस्तकात दाखवा, फोटो दाखवा." सभेत कुजबूज झाली, बहुतेकांना ते मान्य होते. मलाही आतून सुटल्यासारखे वाटले, हे कबूल केले पाहिजे. नाही म्हणणे सोपे असते आणि त्यात मुख्याध्यापकाला धोका नसतो. इतक्यात मागच्या बाकावरून एक आजोबा म्हणाले, "गुरुजी, तळं मुलांच्या दारातच आहे. तुम्ही नेलं नाही तर ती एकटी जातील. मग तिथं काय बघायचं नि कशाला भ्यायचं, हे त्यांना कोण सांगणार?"

मी दोन दिवस विचार केला आणि फेरी पुन्हा सुरू केली. नियम लिहून काढले: दर आठ मुलांमागे एक मोठे माणूस, दोन पालक सोबत, कठड्याच्या बाहेरूनच चालायचे, नावेत पाय ठेवायचा नाही, आणि प्रत्येक वळणावर मोजणी. त्या सकाळी मुलांनी गायनशाळेसमोर उभे राहून कोणाची तरी तान ऐकली. न्यायमंदिराचे घुमट मोजले. पाण्याच्या मध्यभागी उभ्या शिवमूर्तीची उंची शंभर फुटांहून अधिक आहे हे ऐकून माना वर केल्या. एका कोपऱ्यात कासवाने डोके वर काढले तेव्हा इतिहासाचा तास थोडा वेळ स्थगित झाला.

शेवटी पायऱ्यांपाशी मी त्यांना १९९३ ची हकीकत सांगितली. सांगावी की नको, याचा निर्णय तेथे पोहोचेपर्यंत झाला नव्हता. मुले गप्प झाली. मग गणितात नेहमी मागे असणारा एक मुलगा म्हणाला, "सर, नाव वीस जणांची होती, तर एकविसावा चढला तेव्हा कोणी मोजत नव्हतं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. पण तीस वर्षांच्या नोकरीत इतका बरोबर प्रश्न मला कोणी विचारल्याचे आठवत नाही.

त्यानंतर मला आमच्या विद्यार्थ्याला काय सांगायचे ते हळूहळू सुचू लागले. जुन्या तळ्याकाठी राहण्याचे सुख केवळ वाऱ्याचे, सुरांचे आणि इमारतींचे नाही. वारा नव्या वसाहतीतही मिळतो. गाणे तर खिशातल्या यंत्रातही आहे. तळ्याकाठी राहणे म्हणजे शेजार करणे. शेजाऱ्याच्या घरात दिवा लागला नाही तर आपण चौकशी करतो; तसे पाणी हिरवे पडले, पायरी निखळली, कठड्याचा गज तुटला, नावेत गर्दी दिसली, तर पहिली नजर काठावर राहणाऱ्याची पडते आणि पहिला शब्दही त्यानेच काढायचा असतो. जे पाहायला येतात ते तासाभराने जातात; मोजायला कोणीतरी राहावे लागते. वाडे ओस पडले, माड्यांना कुलपे लागली आणि खाली फक्त दुकाने उरली, तर तळे तेवढेच राहील, दिवे अधिक लागतील, पण त्याला शेजार उरणार नाही.

वाचकहो, आपल्यापैकी कोणी सागरचे असतील, त्यांना त्यांचे विशाल तळे आठवेल. हैदराबादकरांना हुसेनसागर, कोणाला होळकरांचा एखादा घाट, कोणाला नुसती गावची विहीर. आपले पूर्वज परमुलखात गेले तेव्हा पाणी पाहूनच त्यांनी बिऱ्हाड मांडले. त्या पाण्याकडे आपण शेवटचे कधी नीट पाहिले, एवढे एकदा मनाशी विचारावे.

आमच्या घराचे काय, असे कोणी विचारील. मातोश्रींसाठी खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्या वाड्याच्या मालकांनी देऊ केल्या आहेत. मागच्या भिंतीला या दिवाळीपूर्वी गिलावा करायचा आहे. खर्च बराच आहे आणि चिरंजीव अजून राजी नाहीत. त्यांचे नकाशे टेबलावर तसेच आहेत. त्यांनी वेगळा निर्णय घेतला तर मी त्यांना अडवणार नाही. त्यांचे आयुष्य त्यांचे आहे. मी मात्र सकाळी शाळेत जाण्यापूर्वी काठावरून एक फेरी मारतो. आता चालताना नकळत मोजू लागलो आहे. नावा किती, माणसे किती, मुले किती.

परवा तो विद्यार्थी पुन्हा भेटला. मी त्याला म्हटले, "रविवारी मुलीला घेऊन ये. तिला तळं दाखवू."

तो म्हणाला, "येतो, सर. गाडी कुठं लावू?"

"गाडी तिकडंच ठेव," मी म्हटले, "चालत ये."